फेज उजवीकडे

सकाळी केस कापून वायरमन घरी आला, तेव्हा पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्याचा बोर्ड नव्हता. मान नुकतीच भादरलेली, कॉलरमध्ये केस टोचत होते, अशा वेळी माणूस तडक आंघोळीला जातो. पण तो दारातच उभा राहिला, एका पायात चप्पल, एका पायात नाही. बोर्डाच्या जागी दातांच्या डॉक्टरनं बसवावी तशी पांढरी, गुळगुळीत पाटी होती. तिच्यात दोन सॉकेटं आणि दोन बटणं. खालची फरशी पुसलेली होती, पण पुसणाऱ्याचा हात कोपऱ्यापर्यंत गेला नव्हता. तिथं चिमूटभर चुन्याची भुकटी राहिली होती. त्या भुकटीनं त्याचं डोकं फिरलं. बोर्ड काढला हे एक वेळ समजून घेता आलं असतं. पण काम झाल्यावर कोपरा न पुसणारा माणूस आपल्या घरात येऊन गेला, आणि तोही आपण न्हाव्यासमोर मान खाली घालून बसलो असताना, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या भिंती फोडल्या होत्या आणि प्रत्येक भिंतीखालचा कोपरा स्वतःच्या रुमालानं पुसला होता. रुमालाचं काय होत असेल ते बायकोनं पाहिलं होतं. ती आता नव्हती, म्हणून त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

जावई खोलीच्या मधोमध खुर्चीत बसला होता. खुर्चीचे चार पाय कुठं टेकवायचे याच्या खुणा त्यानं फरशीवर चिकटपट्टीनं करून ठेवल्या होत्या. कामवाल्या बाईनं एकदा खुर्ची चार बोटं सरकवली, तर हा माणूस संध्याकाळभर आजारी असल्यासारखा फिरत होता. दोन वर्षांपूर्वी मुलगी आणि जावई इथं राहायला आले. "बाबांना सोबत," असं मुलगी सगळ्यांना सांगायची, आणि जावयाला घरजावई म्हणायचं नाही अशी तिनं बापाला सक्त ताकीद दिली होती. त्यामुळं तो ते दिवसातून फक्त दोनतीनदा, आणि तेही मनात म्हणायचा. सोबतीला कपाटाएवढे दोन स्पीकर आले. आत्ता त्यांतून कुणी बाई गात होती, कुठं जायचंच नसल्यासारखी, सावकाश.

"हे काय?" वायरमन म्हणाला.

जावयानं डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीसमोर, एका बोटानं थांबवलं गेलेला माणूस खरोखरच थांबला, आणि आपण थांबलो याचा त्याला आणखी राग आला. बाईची ओळ संपली. जावयानं डोळे उघडले. ते पाणावलेले होते.

"बाबा, या. इथं माझ्या जागेवर बसा. फक्त ऐका."

"हे काय, विचारलं मी."

"सॉकेटं बदलली. दवाखान्यातल्या यंत्रांसाठी असतात ना, त्या दर्जाची. आतून चांदीचा मुलामा आहे. परदेशातून मागवली, सहा आठवडे लागले यायला. आवाज बघा कसा मोकळा झालाय. आधी ही बाई भिंतीच्या आत गात होती. आता इथं येऊन उभी राहिलीय."

"मग तिला चहा विचार."

"बाबा, चेष्टा नको. पडदा उठल्यासारखं झालंय."

"वीज कुठून येते, माहिताय?" वायरमनचा आवाज चढला. "शंभर मैल ॲल्युमिनियमच्या तारेवरून लोंबकळत येते. कावळे बसतात तिच्यावर. मग खांबावरच्या गाठी मारलेल्या तारेतून खाली उतरते, मग तळमजल्यावरच्या गंजक्या पेटीतून, मग माझ्या सत्तावीस वर्षांच्या तांब्यातून. एवढं सगळं करून आलेल्या विजेला शेवटच्या दोन बोटांत चांदी दिसली की तिचं चारित्र्य सुधारतं होय?"

जावई हसला. त्याचं हे हसणं वायरमनला मुळीच आवडत नसे. त्यात आदर होता. उलट बोलला असता तर भांडता आलं असतं. हा माणूस कचेरीत कुणाच्या तरी हाताखाली दिवसभर मान डोलवत असावा आणि तीच मान घरी आणत असावा. वायरमन स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडला, "आणि मला का नाही सांगितलंत? वायरिंग या इमारतीचं कुणी केलंय? बारा घरं. बाराच्या बारा. एक बोर्ड बसवायला बाहेरचा माणूस?"

मुलगी ओले हात पुसत दारात आली. तिनं त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं, आणि मग, दुसरीकडं बघत म्हणाली, "बाबा, तुमचा हात."

त्यानं हात खिशात घातला. खिशातही तो थरथरतच होता. आत एखादा लहान प्राणी पकडून ठेवावा तसा. डॉक्टरनं त्याला काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं. वायरमननं ते पाठ करायचं नाकारलं होतं.

निवृत्त माणसाच्या शर्टाच्या खिशात पेन असतं. याच्या खिशात टेस्टर असे. तो पुढं झाला, गुडघे मोडून भिंतीशी बसला आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून टेस्टर सॉकेटच्या उजव्या भोकात घातला. अंधार. त्यानं पुन्हा घातला. अंधार. मग डाव्या भोकात घातला, आणि टेस्टरच्या पोटातला नारिंगी दिवा टुकटुकीत पेटला. वायरमनच्या अंगातून आनंदाची एक लहर गेली. रागाला इतका वेळ बसायला जागा नव्हती. आता पाट मांडून मिळाला. समोरून बघताना फेज, म्हणजे वीज आणणारी तार, उजवीकडे, परतीची न्यूट्रल डावीकडे, बटण फेजवर. हे त्यानं दीडशे माणसांना शिकवलं होतं. उलट जोडलं तरी यंत्र चालतं, झकास चालतं, वाईट आहे ते तेवढ्यासाठीच. बटण बंद केलं की आपल्याला वाटतं वीज मेली. पण ती यंत्राच्या पोटात जागीच असते, कुणाचा हात लागतोय याची वाट बघत.

"बोलव त्याला," तो म्हणाला. "कोण तो कारागीर, त्याला आत्ताच्या आत्ता बोलव. तुझ्या चांदीवाल्याला."

"काय झालं?"

"उलटं जोडलंय गाढवानं. येऊ दे, मग सांगतो."

कारागीर दुपारी तीनला येतो म्हणाला. मधले चार तास वायरमन जेवला नाही, आंघोळ केली नाही. खिडकीशी बसून मानेवरचे केस खाजवत तो भाषणाची तयारी करत राहिला. खरं तर तयारीची गरज नव्हती, भाषण तयारच होतं. ते त्यानं पंचवीस वर्षांपूर्वी एकदा दिलं होतं. तेव्हा त्याच्या हाताखाली एक जण होता, डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. कामाला चोख, बोलायला कमी, सगळी हत्यारं उलट्या बाजूला लावलेला. एका लॉन्ड्रीचं काम होतं, सहा इस्त्र्या, सहा बोर्ड. काम झाल्यावर आठवड्याभरात मालकाला तिसऱ्या बोर्डावर झटका बसला. बटण बंद करून तो इस्त्रीची वायर दुरुस्त करत होता. जगला, पण दोन बोटं वाकडी झाली. बोर्ड उघडला तर फेज डावीकडे. ठेकेदार होता, मालकाचा भाऊ होता, रस्त्यावरची दोनचार माणसं जमली होती. त्या सगळ्यांसमोर वायरमन म्हणाला होता, "हात उलटा, तशी अक्कल उलटी." लोक हसले. लोक हसले म्हणून त्यानं आणखी म्हटलं. शेवटी ठेकेदाराला सांगितलं, उद्यापासून हा माझ्याकडं नको, आणि दुसऱ्या कुणाकडंही देऊ नका. डावऱ्यानं वाद घातला नाही. फक्त जाताना थांबून म्हणाला, "दादा, तिसरा बोर्ड कुणी जोडला, एकदा आठवून बघा." वायरमननं आठवून बघितलं नाही. वायरमनच्या कामामागून कुणी टेस्टर लावायचा नाही, असा त्या काळी शिरस्ताच होता. तो स्वतःही लावत नसे. जो चुकत नाही त्यानं तपासायचं कशाला?

तीनच्या ठोक्याला कारागीर आला. पस्तिशीचा, नीटनेटका, खांद्याला हत्यारांची पिशवी. दारातच बूट काढून त्यानं ते भिंतीला लावून ठेवले. बूट भिंतीला लावून ठेवणारा माणूस कोपरा पुसत नाही, हे वायरमनला जरा विचित्र वाटलं, पण त्यानं ते बाजूला सारलं.

"टेस्टर आहे का तुझ्याकडं?" त्यानं सुरुवात केली. "का नुसता चांदी घेऊन फिरतोस?"

"आहे की, काका."

"मग लाव. उजवीकडं लाव. पेटला? नाही. का नाही पेटला? हात उलटा, तशी..."

"उलटंच आहे ते, काका," कारागीर शांतपणे म्हणाला. "मला माहिताय. आधीपासूनच तसं होतं. मी जसं होतं तसं ठेवलं."

"खोटं बोलतोस?"

"फोटो आहे ना. काढण्याआधी फोटो घेतो मी प्रत्येक वेळी." त्यानं फोन काढला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि वायरमनच्या डोळ्यांसमोर धरलं. जुना बोर्ड भिंतीतून सोडवून पालथा केलेला होता. लाल तार, म्हणजे फेज, उजवीकडच्या स्क्रूत, काळी डावीकडच्या. समोरून बघितलं असतं तर बरोबर. पण हे समोरून नव्हतं, बोर्डाची ती पाठ होती. पालथ्या बोर्डावर उजवं ते समोरून डावं, हे शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात. आणि प्रत्येक तारेच्या टोकाला, स्क्रूच्या जरा खाली, काळ्या दोऱ्याचे तीन घट्ट वेढे होते. तार सुटली तरी पसरू नये म्हणून. असे वेढे जगात फक्त एकच माणूस घालत होता, आणि तोच आत्ता हा फोटो बघत होता.

वायरमननं चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"मी साहेबांना विचारलं होतं," कारागीर जावयाकडं बघत सांगत होता, "म्हटलं, उलटं दिसतंय, सरळ करू का? तर साहेब म्हणाले, ज्यांनी हे केलंय ते चुकत नाहीत, काहीतरी कारण असणार, हात लावू नका. आणि काम खरंच सुरेख आहे हो. ते दोऱ्याचे वेढे तर मी आमच्या पोरांना दाखवले फोटोत." मग तो जरा पुढं झाला आणि अगदी मनापासून, शिकायला आलेल्या माणसासारखा म्हणाला, "काय कारण होतं, काका?"

गाणं बंद होतं तरी स्पीकरांतून बारीकशी कुजबुज चालू होती. मुलगी दारात उभी होती. जावयानं घसा खाकरला. "मी सांगू? मी वाचलंय त्यावर. काही लोक मुद्दामच उलटं जोडून बघतात. फेज बदलली की काही यंत्रांचा आवाज गोड होतो म्हणतात. बाबांचा या बोर्डावर तेव्हा टेपरेकॉर्डर होता. मला वाटलं, बाबांना हे तेव्हाच ठाऊक होतं." त्याचे डोळे चमकत होते. "सत्तावीस वर्षांपूर्वी! म्हणून मी हात लावू दिला नाही."

वायरमनसाठी दार सताड उघडं ठेवलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. हो रे बाबा, आवाजासाठी. मग कारागिरानं ते पोरांना सांगितलं असतं, जावयानं कचेरीत सांगितलं असतं, आणि मेल्यावर वायरमन कानाचा दर्दी म्हणून ओळखला गेला असता. त्याला जावयाचा इतका राग आला की हात खिशातून आपोआप बाहेर आला. या माणसानं त्याच्यावर विश्वास ठेवला होता. ज्याला तो दोन वर्षं मनातल्या मनात घरजावई म्हणत होता, त्यानं वायरमनची चूक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी जपली होती. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

टेपरेकॉर्डर होता, खरं. त्याआधी रेडिओ. त्यांना काय, ती दोन्हीकडून वाजतात. पण दुपारी टेपरेकॉर्डरची पिन काढून त्याच बोर्डावर बायको इस्त्री करायची. जुनी, दोन पिनांची इस्त्री. मुलीचे शाळेचे फ्रॉक, त्याचे शर्ट, आणि ते रुमाल. एकदा ती म्हणाली, "इस्त्री झिणझिणते हो." दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, "बटण बंद करून उचलली तरी झिणझिणते." तेव्हा घरी चार माणसं चहाला आली होती. वायरमननं त्यांना सांगितलं, "ऐका, वायरमनची बायको. बंद इस्त्रीत वीज शोधून काढलीय." लोक हसले. लोक हसले की त्याला नेहमीच आणखी बोलावंसं वाटे. "तुझ्या हाताला मुंग्या येतात," तो म्हणाला, "डॉक्टरला दाखव." ती डॉक्टरकडं गेली नाही, पुन्हा काही म्हणालीही नाही. त्यानंतर ती इस्त्रीच्या मुठीला जुनं फडकं गुंडाळायची. ते फडकं त्याला स्वच्छ आठवलं, निळं, कडेला जळलेलं. कित्येक वर्षं त्याला वाटत आलं होतं की मूठ तापते म्हणून ती ते गुंडाळते. बोर्डाला तो रोज सकाळ-संध्याकाळ बघत होता आणि फडक्याला रोज दुपारी. एवढ्या वर्षांत दोहोंची एकदाही त्याच्या डोक्यात गाठ पडली नाही. त्या बाईनं एक अख्खं आयुष्य त्याच्या चुकीभोवती फडकं गुंडाळून काढलं, आणि चूक कुणाची हे तिला सांगायलाही कुणी नव्हतं. नवऱ्याखेरीज दुसरा वायरमन तिला माहीतच नव्हता.

"कारण नव्हतं," तो म्हणाला.

"असं कसं, बाबा..."

"कारण नव्हतं! चुकलं! पालथा धरून जोडला आणि उजवं-डावं विसरलो. मी. शिकाऊ पोरानं करावी तसली चूक." तो ओरडत होता, खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल. "गोड आवाज म्हणे! बटण बंद करून तू त्या यंत्राच्या मागं हात घातलास ना एखाद दिवशी, तर मग ऐकशील गोड आवाज. सरळ कर. आत्ता."

"बाबा, जरा बसा," मुलगी म्हणाली.

"बसणार नाही. सरळ कर म्हटलं ना!"

कारागिरानं मेन बंद केला, पाटी सोडवली, दोन तारा अदलाबदल केल्या. चार मिनिटं लागली. सत्तावीस वर्षं आणि चार मिनिटं. मग वायरमननं त्याला घरातले बाकीचे अकराच्या अकरा बोर्ड तपासायला लावले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, आतली खोली. सगळीकडे दिवा उजवीकडे पेटला. "बघा, बाकी सगळं अगदी बरोबर," जावई म्हणाला, तिन्हीसांजेला आजारी माणसाशी बोलतात तसा. याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. इथं बारांतला एक चुकला, तर लॉन्ड्रीतला सहांतला चुकलेला बोर्डही आपलाच का नसेल? तिसरा बोर्ड कुणी जोडला? तो आठवू लागला. पहिले दोन त्यानं जोडले, हे नक्की. चौथ्यापासून डावऱ्यानं घेतले, कारण चौथ्याच्या वेळी ठेकेदार चहा घेऊन आला आणि हा त्याच्याबरोबर बाहेर गेला. की तिसऱ्याच्या वेळी? चहाचा पेला हातात होता तेव्हा दुसऱ्या हातात काय होतं? पक्कड? एकदा आठवलं की होती, एकदा आठवलं की नव्हती. त्या बोर्डात दोऱ्याचे वेढे होते की नाही, हे त्यानं बघितलंच नव्हतं. लोक हसत होते, बघायला वेळ कुठं होता. ती लॉन्ड्री पाडून तिथं कधीच दुसरी इमारत उभी राहिली होती. डावरा कुठल्या गावात, कुठल्या धंद्यात, आहे की नाही, काही माहीत नव्हतं. आता ते तपासायला कुठलीच भिंत उरलेली नव्हती.

कारागीर जायला निघाला. खाली वाकून त्यानं बूट घातले आणि मग आठवण झाल्यासारखा परत आत येऊन कोपऱ्यातली भुकटी हातानं गोळा करून खिशात टाकली. "सकाळी साहेबांनी घाई केली, तुम्ही यायच्या आत आवरा म्हणून," तो म्हणाला. वायरमननं हात पुढं केला. "तुझा टेस्टर दे. माझ्याचा दिवा अंधूक झालाय." आणि उत्तराची वाट न बघता टेस्टर घेऊन, दोन्ही पायांत चप्पल घालून, जिन्यावर गेला. मागून मुलीची हाक आली. त्यानं समोरच्या घराची बेल दाबली आणि दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.

समोर निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांनी साखळी न काढता फटीतून बघितलं. "काय हो, आग लागलीय का?"

"बोर्ड बघायचेत. सगळे."

"का? चालतात की."

"चालतात म्हणूनच."

"अहो, सत्तावीस वर्षांत कधी तक्रार नाही. तुम्हीच केलंय ना ते? मग बघायचं काय त्यात?"

"मीच केलंय म्हणून बघायचंय!" तो इतक्या जोरानं ओरडला की वरच्या जिन्यावर कुणीतरी दार उघडलं. "बाई, दार उघडता की इथंच उभा राहू? अकरा घरं आहेत अजून."

शिक्षिकांनी दार लोटून घेतलं. मग साखळी सुटली. पहिला बोर्ड दिवाणाच्या डोक्याशी होता. वायरमन गुडघ्यांवर बसला, टेस्टर उजव्या भोकाशी नेला, पण टेस्टरचं टोक प्लॅस्टिकवर टकटक करत इकडंतिकडं नाचत राहिलं, आत जाईना. पाच-सहा वेळा झालं. त्यानं हाताला एक सणसणीत शिवी दिली. बाईंनी खाली बसून त्याचं मनगट धरलं, नवीन मुलाला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावताना धरतात तसं, घट्ट आणि कंटाळलेलं. टोक आत गेलं. दिवा पेटला.

"बरोबर आहे ना?" बाई म्हणाल्या. "उगाच घाबरवलंत."

"हा एक," वायरमन उठता उठता ओरडला. "फ्रिजच्या मागं आहे तो दुसरा. फ्रिज सरकवा."